तीन अँप्युल कमी: वैद्यक परिषदेला एका भूलतज्ज्ञाचं खुलं पत्र

प्रति,
राज्याच्या वैद्यक परिषदेचे आणि परिचर्या (नर्सिंग) परिषदेचे सन्माननीय सदस्य,
तसंच मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या डॉक्टर संघटनांचे पदाधिकारी,

स. न. वि. वि.

या पत्राखाली नाव नाही. निनावी पत्राची जागा केराच्या टोपलीत असते हे मला ठाऊक आहे. आमच्या संघटनेचा सचिव होतो तेव्हा मीही दोन-चार तशी टाकली आहेत. तरी हे शेवटपर्यंत वाचा, कारण नाव का नाही, व्यसनात सापडलेल्या डॉक्टरला नाव सांगून मदत का मागता येत नाही, हाच या पत्राचा विषय आहे.

मी भूलतज्ज्ञ आहे. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी पंचवीसेक वर्षं काम करतोय. आमच्याकडचा भूलतज्ज्ञ एका हॉस्पिटलचा नसतो. सकाळी सातला एका नर्सिंग होममध्ये सिझर, नऊला दुसरीकडे हर्निया, दुपारी तालुक्याला दोन पिशव्या (म्हणजे गर्भाशय काढायची ऑपरेशनं), आणि रात्री दोनला फोन, "सर, बाळाचे ठोके कमी झालेत, निघा." डिकीत स्वतःची पेटी. पेटीत घशात नळी घालताना लागणारा लॅरिंगोस्कोप, नळ्या, आणि ज्यांच्या जोरावर माणूस झोपतो, विसरतो, दुखणं सोसतो ती सगळी औषधं. जगातलं सगळ्यांत ओढ लावणारं सामान घेऊन आम्ही गावोगाव हिंडतो आणि त्या पेटीची चावी आमच्याच खिशात असते.

२०१४च्या उन्हाळ्यात माझी कंबर गेली. मणक्यातली गादी सरकली होती. एका रात्री सिझर उरकल्यावर गाडीत बसता येईना, तेव्हा पेन्टाझोसिन या कडक वेदनाशामकाचं एक इंजेक्शन मी स्वतःच मांडीत टोचून घेतलं. बाजारात त्याला फोर्टविन म्हणतात. वीस मिनिटांत कंबर हलकी झाली. खरं सांगायचं तर कंबरेपेक्षा डोकं जास्त हलकं झालं. गावातल्या सहा हॉस्पिटलांचे फोन, घराचे हप्ते, बारावीला बसलेली पोरगी, सगळं काचेपलीकडे गेलं. कंबर दीड महिन्यात बरी झाली. इंजेक्शन तीन वर्षं चाललं.

हे औषध पुन्हा पुन्हा टोचलं की तिथली कातडी आणि खालचा स्नायू लाकडासारखा कडक होतो, मग जखमा होतात. आधी मांड्या गेल्या, मग दंड. त्यामुळे मे महिन्यात, पारा बेचाळीसवर असताना, मी फुल बाह्यांचा शर्ट घालत होतो. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, अर्ध्या बाह्यांचा झगा घालावा लागतो, म्हणून आत जॅकेट. "सरांना एसीचा त्रास होतो," असं सगळे म्हणायचे. भूल देणाऱ्या माणसाला एसीचा त्रास होतो, यावर एवढ्या शिकलेल्या लोकांनी विश्वास ठेवला याचं मला आजही नवल वाटतं. की ठेवला नव्हता?

औषध मिळवायला काही अडचण नव्हती. २०१४च्या मार्चपासून मेडिकलवाल्याला अशा औषधांसाठी वेगळं एच-वन रजिस्टर ठेवावं लागतं. त्यात डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं ते. चांगला नियम आहे. पण त्या रजिस्टरला लागते चिठ्ठी, आणि चिठ्ठी लिहिणारा मीच. ऑपरेशनच्या आधी नातेवाइकांना सामानाची यादी द्यायची असते. त्या यादीत मी एक-दोन अँप्युल, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाच्या काचेच्या कुप्या, जास्त लिहायचो. किंमत फार नव्हती. पण बायकोच्या सिझरसाठी सावकाराकडून पैसे उचललेला माणूस खिडकीवर नोटा मोजत होता, आणि त्यातली एक नोट माझ्या मांडीत जात होती. माझ्या चुकीमुळे टेबलावर कोणी दगावलं नाही. हे मी अभिमानानं सांगत नाही, नशीब म्हणून सांगतो. ऑपरेशननंतर कण्हणाऱ्या एखाद्या बाईला त्या दिवसांत वेदनाशामक कमी मिळालं असेल का? असेल. तिची गाठ पडली तरी मी तिला ओळखणार नाही.

मला थांबवलं ते एका सिस्टरनं. नाव लिहीत नाही. जुन्या वळणाच्या, कडक, ओटीची सगळी मदार त्यांच्यावर. एका संध्याकाळी केस संपल्यावर त्या दार लोटून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, आज तीन अँप्युल कमी आहेत. मी साठ्याचं रजिस्टर अजून लिहिलेलं नाही."

त्या रागावल्या नव्हत्या आणि मला धमकीही देत नव्हत्या. त्या लिहायच्या थांबल्या होत्या, एवढंच. पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या लक्षात आलं की त्या क्षणी त्यांनी स्वतःची नोकरी आणि कदाचित तुरुंगही माझ्यासाठी पणाला लावला होता. आणि तशी वेळ एका सिस्टरवर येऊ नये यासाठीच मी आज तुम्हाला लिहितोय.

त्या रात्री मी विचार केला, सांगायचं कुणाला? हॉस्पिटलच्या मालकाला सांगावं तर उद्या सकाळी सहाही हॉस्पिटलांना कळेल. गावातल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं तर त्याच्या वेटिंगमध्ये माझेच पेशंट बसलेले. संघटनेत बोलावं तर संघटनेचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. परिषदेला कळवावं तर परिषद म्हणजे नोंदणी, आणि नोंदणी म्हणजे घरातली चूल. तुम्ही कधी मला काही केलं नव्हतं, करणार होता असंही नाही. पण भीतीला पुरावा लागत नाही. माझ्या डोक्यात तुमच्याकडे एकच खिडकी होती, आणि तिच्यावर 'तक्रार' असं लिहिलेलं होतं.

शेवटी घरच्यांसोबत एक गोष्ट रचली. मेहुण्याचं हैदराबादला ऑपरेशन आहे असं गावात सांगून मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं नेमका उलट दिशेला गेलो. मराठवाड्याबाहेरच्या एका केंद्रात कापड दुकानदार म्हणून दाखल झालो, रोख पैसे भरले. तिथल्या डॉक्टरांपासूनही मी डॉक्टर असल्याचं अकरा दिवस लपवलं. म्हणजे मला कोणत्या औषधांची ओळख आहे, घरी किती साठा आहे, परत कुठल्या खोलीत जायचं आहे, हे उपचार करणाऱ्याला माहीतच नव्हतं. बाराव्या दिवशी शेजारच्या खाटेवरचा एसटीचा ड्रायव्हर त्याच्या बीपीच्या गोळ्या दाखवून विचारायला लागला, आणि मी नकळत डोस सांगून बसलो. "दुकानदार तू?" म्हणाला. मग रडू आलं.

गंमत बघा. महाराष्ट्राला व्यसनमुक्ती शिकवली डॉक्टरांनीच. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं. त्याच्याही आधी, १९३५ साली अमेरिकेत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना ज्या दोघांनी उभी केली त्यातला एक, डॉ. बॉब, शल्यविशारद होता आणि स्वतः दारूडा होता. आज आपल्याकडे तालुक्याच्या गावी शाळेच्या खोलीत त्या मीटिंगा भरतात. मास्तर येतात, तलाठी येतात. डॉक्टर येत नाही, कारण समोरच्या बाकावर त्याचा पेशंट असतो. मी एकदाच गेलो आणि दारातून परत फिरलो.

चाळीस दिवसांनी मी ओटीत परतलो. इथे मला तुमची सगळ्यांत जास्त गरज होती. परतावं की नाही, परतलो तर कुठलं काम करावं, पेटीला हात लावावा की नाही, हे कोणी ठरवलं? मीच. ज्याचा स्वतःवर भरवसा उरला नव्हता त्यानंच स्वतःला फिट असल्याचं सर्टिफिकेट दिलं. अशी वेळ दुसऱ्या कुणावर आली तर मी त्याला वर्षभर ओटीबाहेर ठेवा म्हणेन. कारण थांबलेल्या माणसाच्या अंगाची सवय उतरते, आणि मग जुनाच डोस जीव घेतो. भूलतज्ज्ञाला हे सांगायला नको, पण भूलतज्ज्ञच त्यात मरतात.

माझं निभावलं त्याला कारण दोन बायका. बायको रोज सकाळी समोर बसवून नाल्ट्रेक्सोनची, म्हणजे अशा औषधांची नशा चढू न देणारी, गोळी गिळायला लावायची. तोंड उघडून दाखवावं लागे. आणि ओटीतल्या सिस्टरनं पेटीची चावी मागून घेतली. औषध त्या काढणार, भरणार, उरलेलं माझ्यादेखत ओतून टाकणार, सही दोघांची. दुसऱ्या हॉस्पिटलात मी पेटी नेणंच बंद केलं. सातव्या महिन्यात एकदा पाय घसरला. सिस्टरांनी मोजणी केली, घरी फोन केला, पुन्हा सुरुवात. आता आठ वर्षं झाली.

सन्माननीय सदस्य, जगात ज्याला मोठमोठे कार्यक्रम म्हणतात ते याहून फार वेगळे नसतात. अमेरिकेतल्या राज्यांमध्ये व्यसनी डॉक्टरांसाठी स्वतंत्र कार्यक्रम आहेत. आधी उपचार, मग पाच वर्षांचा लेखी करार, कधीही बोलावून लघवीची तपासणी, कामाच्या जागी नजर ठेवणारा एक सहकारी. अशा १६ कार्यक्रमांमधल्या डॉक्टरांचा पाच वर्षं केलेला अभ्यास २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. ज्या ८०२ जणांचा हिशेब मांडला त्यातले ६३१ पाच वर्षांनी परवान्यासह काम करत होते. ८७ जणांचे परवाने गेले, ३० वारले. म्हणजे सगळे वाचत नाहीत, आणि सगळ्यांना पाठीशीही घालत नाहीत. तरी दहातले जवळजवळ आठ कामावर! दारूच्या कुठल्याही ओपीडीत बसणाऱ्याला विचारा, हा आकडा किती मोठा आहे. त्याच वर्षी, २००८ला, लंडनमध्ये डॉक्टर-दंतवैद्यांसाठी गोपनीय सेवा सुरू झाली आणि पुढे ती सगळ्या इंग्लंडभर गेली. डॉक्टर स्वतः फोन करतो. परवान्याच्या कचेरीशी तिचा संबंध नाही. मात्र जो उपचार घेत नाही आणि पेशंटला धोका ठरत राहतो, त्याचं नाव मग तिकडे जातं.

तुमच्यापैकी काहींच्या ओठावर आता एक प्रश्न आला असेल. म्हणजे रुग्णांच्या जिवाशी खेळणाऱ्याला झाकायचं? मी उलट विचारतो, आता काय उघडं आहे? मला तीन वर्षं झाकलं ते कुठल्या योजनेनं नाही. सहा हॉस्पिटलांनी झाकलं, कारण दुसरा भूलतज्ज्ञ चाळीस किलोमीटरवर होता. प्रेमानं नव्हे, नडीपोटी. विल्यम हॉल्स्टेड हे नाव प्रत्येक सर्जनला पाठ असतं. जॉन्स हॉपकिन्सचा तो महान शल्यविशारद, ऑपरेशनमध्ये रबराचे हातमोजे रुळवणारा. १८८४च्या सुमारास कोकेननं जागा बधिर करण्याचे प्रयोग स्वतःवर करता करता तो कोकेनच्या आहारी गेला, आणि मग मॉर्फिनच्या. त्याचा सहकारी विल्यम ऑस्लर याला ते माहीत होतं. त्यानं एका खासगी टिपणात लिहून ठेवलं, आणि ते टिपण जगासमोर आलं १९६९ साली, हॉल्स्टेड जाऊन ४७ वर्षं उलटल्यावर. एवढ्या मोठ्या माणसाला, एवढ्या मोठ्या संस्थेत, कुलूपबंद कागदाशिवाय दुसरी जागा नव्हती. आमच्या तालुक्यात तर तेवढाही कागद नाही, नुसती कुजबुज आहे.

आणि कुजबुज सगळ्यांना सारखी वाचवत नाही. मला ज्यांनी सांभाळून घेतलं त्यांपैकीच एका हॉस्पिटलात आयसीयूतल्या एका ब्रदरच्या (पुरुष नर्सच्या) खिशात मिडाझोलाम हे झोप आणणारं औषध सापडलं. तासाभरात त्याला काढलं. फोटो ग्रुपवर फिरला. वय चोवीस-पंचवीस, लागोपाठच्या नाइट ड्युट्या, आणि झोप येत नाही म्हणून घ्यायला लागलेला. मी त्या ग्रुपमध्ये होतो. अंगठा दाखवला नाही, पण एक ओळही लिहिली नाही. डॉक्टरचं व्यसन म्हणजे आजार आणि ब्रदरचं म्हणजे चोरी, हा आमचा न्याय. म्हणून हे पत्र परिचर्या परिषदेलाही आहे. जे काही कराल ते सिस्टर, ब्रदर, फार्मासिस्ट, ओटी टेक्निशियन सगळ्यांसाठी एकाच दारातून करा.

इंजेक्शनची गोष्ट मी माझी म्हणून सांगितली. आमच्या भागात जास्त मोठा प्रश्न दारूचाच आहे. रात्री नवाला दोन पेग घेऊन बसलेला सर्जन, अकराला आलेला फोन, आणि "मी येतो" म्हणणारा त्याचा स्वाभिमान. त्याला "मी आज येऊ शकत नाही" म्हणायची सोय लागते. संघटनांनी बदली डॉक्टरांची यादी केली आणि कारण न विचारता ती वापरू दिली, तर एवढ्यानंच किती रात्री निभावतील. हे काम परिषदेचं नाही, संघटनांचं आहे, आणि उद्यापासून होण्यासारखं आहे.

कायदा म्हणाल तर बराचसा आधीच आहे. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थांना आजार मानतो, आणि त्याचं २३वं कलम रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं. दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असेल तर त्याला अपवादही तिथेच दिलेला आहे. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात ६४अ हे कलम आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस सरकारी वा सरकारमान्य ठिकाणी स्वतःहून पूर्ण उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण देणारं. हे कलम मला माहीत झालं ते बरा झाल्यावर. माझ्या ओळखीच्या एकाही डॉक्टरला ते माहीत नव्हतं. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आम्ही पाच वर्षांत ३० क्रेडिट तास गोळा करतो, त्यात हॉटेलात बसून नव्या अँटिबायोटिकवर भाषणं ऐकतो. त्यातला एक तास या कलमांना द्या, आणि तो तास एखाद्या बऱ्या झालेल्या डॉक्टरला घेऊ द्या.

मागणं थोडक्यात असं, की शिक्षेची खिडकी आणि उपचाराची खिडकी वेगळी करा. वेगळी म्हणजे नुसती वेगळी पाटी नव्हे. वेगळी माणसं, वेगळी फाइल, फाइलवर नावाऐवजी क्रमांक. चौकशी समितीतल्या कुणालाही ती उघडता येऊ नये. आणि आमच्यासाठी एक खास मागणी: डॉक्टरला त्याच्या स्वतःच्या जिल्ह्यात पाठवू नका. हिंगोलीच्या माणसाला लातूर, बीडच्याला नांदेड, धाराशिवच्याला संभाजीनगरचं घाटी हे सरकारी रुग्णालय, जालन्याच्याला अंबाजोगाई. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही नाही. पण मेडिकल कॉलेजं आहेत, त्यांत मानसोपचार विभाग आहेत. तेवढ्यावर सुरुवात होते. आमच्याकडे अंतर तीनशे किलोमीटर असलं तरी चालतं, ओळख तीन फुटांवर असली की चालत नाही.

उपचारानंतर कामावर कधी यायचं ते तुमची समिती ठरवील, डॉक्टर नाही. करार मोडला तर फाइल दुसऱ्या खिडकीकडे जाईल, हे पहिल्याच दिवशी सही घेऊन सांगा. मला अमर्याद गोपनीयता नको आहे. मला सिस्टरसारखी हवी आहे, मोजणारी.

शेतकऱ्यांसाठी २०१५पासून प्रेरणा प्रकल्प चालू आहे. आशाताई घरी जाऊन मनाची विचारपूस करतात. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक २०२२च्या ऑक्टोबरपासून आहे, व्यसनासाठी १४४४६ आहे. दोन्ही मी पेशंटना लिहून देतो. पण डॉक्टर तिथे फोन करताना कचरतो, कारण त्याला वाटतं पलीकडून बोलणारा आपला ज्युनिअर निघायचा. हसू नका, मराठवाड्यात तो निघतोच.

आणि लाजेचं म्हणाल तर २०२३च्या ऑक्टोबरमध्ये, नांदेडच्या सरकारी रुग्णालयात एका दिवसात २४ रुग्ण दगावल्यानंतर, तिथल्या अधिष्ठात्यांना कॅमेऱ्यासमोर संडास झाडायला लावलं गेलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या मृत्यूंचा आणि या पत्राचा संबंध नाही. पण ती चित्रफीत पाहिलेला कुठला तरुण डॉक्टर उद्या स्वतः पुढे येऊन "माझं चुकतंय" म्हणेल?

उत्तर कुठे पाठवायचं, असं विचाराल. पाठवू नका. नोंदणीच्या नूतनीकरणाचं पान आहे ना, तिथे शुल्क भरायच्या जागेच्या वर एक क्रमांक आणि दोन ओळी टाका. हवं तर शुल्कात शंभर रुपये वाढवा. माझं नूतनीकरण पुढच्या वर्षी आहे, पान मी उघडीनच.

आपला,
एक भूलतज्ज्ञ

ता. क. सिस्टर गेल्या मार्चमध्ये निवृत्त झाल्या. पेटीची चावी आता नव्या सिस्टरकडे असते. तिला कारण अजून सांगितलेलं नाही.